पहिली बंदूक घेताना

शनिवारी सकाळी नवी पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, यातली सगळ्यात लांब कोणती मारते?"

मी शेडमधल्या खुंट्यांकडे बोट दाखवतो. तिथे मास्क टांगलेले असतात. "त्यातला कोणता तोंडावर नीट बसतो ते आधी पाहा. मग बंदुकीचं बोलू." पोरं हिरमुसतात. बंदुका मागच्या फळीवर असतात आणि सगळ्यांच्या नजरा तिकडेच लागलेल्या असतात. मला राग येत नाही. मीही कधीकाळी असाच फळीकडे पाहत होतो, आणि त्याची किंमत मोजूनच शहाणा झालो.

यवतमाळहून दारव्हा रोडनं निघालं की काही अंतरावर काकांचं पडीक रान आहे. मुरमाड जमीन, कडेला नाला, थोडे पळस, थोडा साग. कापूस तिथे कधी धड आला नाही. त्या दोन एकरांत मी पेंटबॉलचं मैदान चालवतो. खेळ सोपा आहे. जिलेटिनच्या पातळ कवचात रंग भरलेली गोळी, गॅसच्या किंवा स्प्रिंगच्या जोरावर ती फेकणारी बंदूक, आडोशाला जुने टायर आणि माती भरलेली पोती. अंगावर रंग फुटला की गडी बाद.

या धंद्यात बंदुकीला 'मार्कर' म्हणतात, म्हणजे खूण करणारी. हे नाव सौम्यपणा दाखवायला दिलेलं नाही. अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीला तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करता येईल असं साधन हवं होतं. १९७०च्या दशकात डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीनं ते तयार केलं. त्याचं नाव नेलस्पॉट ००७. आपल्याकडे तोडीच्या सागावर वनखात्याची माणसं हातोड्याचा छाप मारतात, तेच काम तिकडे या पिस्तुलानं व्हायचं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हंजे पोळ्याले लांबूनच बैलाची शिंगं रंगवाची बंदूक! मंग त्याले एवढा कायले भेतं तू?"

भ्यायचं कारण होतं. सांगतो.

बी.ए. झाल्यावर मी चार वर्षं लोणावळ्याकडच्या एका साहसी खेळांच्या ठिकाणी मैदानावर देखरेखीचं काम केलं. शिट्टी वाजवायची, बाद झालेल्याला बाहेर काढायचं, मास्क कोणी काढत नाही ना ते पाहायचं. पावसाळ्यातली एक दुपार होती. एका पाहुण्याच्या मास्कची काच आतून धुकटली. त्यानं काहीच दिसेना म्हणून अंगठ्यानं मास्क वर उचलला आणि शर्टाच्या बाहीनं काच पुसू लागला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो, पण माझं लक्ष दुसऱ्या भांडणाकडे होतं. गोळी त्याच्या डोळ्याच्या बोटभर खाली, गालाच्या हाडावर बसली. हिरवा रंग, काळानिळा वळ, बाकी काही नाही. तो हसला, मित्रांनी फोटो काढले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. चूक माझी होती. माझ्या मनात एकच हिशेब फिरत राहिला: गोळी तीन ग्रॅमची, वेग सेकंदाला २८० फूट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर. बोटभर वर बसली असती तर?

२०२० मध्ये टाळेबंदी लागली, ते ठिकाण बंद पडलं आणि मी गावी आलो. पुढच्या वर्षी मैदानाचा विचार सुरू झाला. अनुभव होता, जमीन होती, थोडी जमा पुंजी होती. आणि तरीही पहिल्या खरेदीत मी फळीकडेच पाहिलं.

मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून मी चार वापरलेले इलेक्ट्रॉनिक मार्कर घेतले. दिसायला देखणे, ट्रिगर अगदी हलका, सेकंदाला दहा-दहा गोळ्या. यवतमाळात असं कोणी पाहिलेलं नाही, पोरं वेडी होतील, असा माझा अंदाज. पोरं वेडी झालीही. गोळ्यांचा डबा दोनशेचा असतो. सेकंदाला दहाच्या वेगानं तो वीस सेकंदांत रिकामा होतो. नवखा माणूस घाबरला की ट्रिगर सोडतच नाही. या खेळात खरा खर्च बंदुकीचा नसतो, गोळ्यांचा असतो. आलेल्या चार पोरांपैकी तिघांचे पैसे पहिल्या पाच मिनिटांत संपले आणि समोरच्यांच्या पाठीवर वळ उठले. दोघं पुन्हा कधी आले नाहीत.

मग एक मार्कर बंद पडला. आत बॅटरी, छोटा सर्किट बोर्ड आणि विजेवर उघडझाप करणारा बारीक व्हॉल्व्ह. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेला, त्यानं उलटसुलट पाहून परत दिला. शिवाय या जातीच्या बंदुकांना दाबाखालची हवा लागते. पाण्याखाली बुडी मारणारे वापरतात तशी टाकी भरायला दोनशे-तीनशे बार दाबाचा कॉम्प्रेसर हवा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारला दमतो. वर्षभरात चारही मार्कर फळीवर शोभेला उरले.

शेवटी मी एक बंदूक घेऊन फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. लहानपणी काकांचा पाठीवरचा पंप मीच त्यांच्याकडे न्यायचो. वॉशर, स्प्रिंग, नोझल, ओ-रिंग यांत त्या माणसाचं आयुष्य गेलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे पोस्टाच्या तिकिटाएवढं सर्किट मले समजत नाही. पण याच्यात जर नुसतं व्हॉल्व्ह अन् स्प्रिंग असतं, तर म्या रात्रीतून करून देल्लं असतं."

त्या वाक्यानं मला खरेदी शिकवली. आपल्या गावात जी उघडता येते आणि पुन्हा जोडता येते, तीच नवख्याची बंदूक.

अशी बंदूक असते. तिला मेकॅनिकल ब्लोबॅक म्हणतात. ट्रिगर दाबला की मागे ताणून अडकवलेला हातोडा सुटतो, स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो. क्षणभर व्हॉल्व्ह उघडतो, गॅसचा काही भाग गोळीला पुढे ढकलतो आणि उरलेला हातोड्याला मागे रेटून पुन्हा अडकवतो. बॅटरी नाही, बोर्ड नाही. जगभरच्या भाड्याच्या मैदानांवर टिपमन ९८ सारखे ॲल्युमिनियमच्या अंगाचे मार्कर वर्षानुवर्षं चालतात, त्याचं कारण हेच. पडले, चिखलात लोळले, तरी चार स्क्रू काढून आतलं सगळं टेबलावर मांडता येतं. वजन सव्वा-दीड किलो. मी पुढच्या वर्षी या घडणीचे सहा घेतले. मिस्त्रींनी पहिला उघडला, पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "हा तं पंपच हाय!"

मात्र त्यांचीही एक चूक झाली, आणि ती नवख्यानं ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टाकीच्या तोंडाची ओ-रिंग गेली म्हणून त्यांनी डब्यातली काळी रबरी रिंग बसवली. माप अगदी बरोबर. दोन खेळांत ती फुगली, चिरली आणि गॅस फुसकन बाहेर. कार्बन डायऑक्साइड साध्या रबरात शिरतो आणि दाब सुटला की रबर आतून फाटतं. तिथे पॉलियुरेथेनची रिंग लागते. ती नागपूरहून शंभराच्या पाकिटात आणली. आज माझ्या खिशात पाकिटाबरोबर चार रिंगा कायम असतात.

गॅसचं दुसरं गणित आपल्या उन्हाचं. कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर चढतो. २१ अंशांना साधारण ५८ बार, ३० अंशांना ७२च्या आसपास. ३१ अंशांच्या वर तर तो द्रव राहतच नाही. मग टाकी किती भरली आहे त्यावर दाब कुठेही जातो. ज्या देशात हा खेळ जन्मला तिथे थंडीत गॅस नीट सुटत नाही ही तक्रार. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो, इथली तक्रार उलटी. सकाळी आठला वेगमापकावर २६० फुटांना लावलेला मार्कर अकरा वाजता ३०० ओलांडतो. ३०० फूट ही या खेळातली सर्वमान्य वरची मर्यादा. नवख्यांसाठी मी २६०च्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून बंदुकीच्या आधी वेगमापक घ्या असंही मी सांगतो. अंदाजानं वेग कळत नाही, वळ उठल्यावर कळतो.

टाकी भरण्याचा नियमही असाच कडक आहे. ही टाकी दाबाच्या काट्यावर भरायची नसते, वजनाच्या काट्यावर भरायची असते. रिकामी तोलायची, भरून तोलायची, ठरलेल्या वजनाच्या वर एक तोळाही नाही. जास्त भरून उन्हात ठेवली तर सुरक्षेची पातळ चकती फुटते आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. गॅस सिलिंडरांच्या मान्यतेचं काम पाहणारं केंद्र सरकारचं पेसो हे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा कुठली टाकी चालते हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा तिथे विचारावं. मी गॅसच्या बंदुका फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि तेही सकाळी काढतो. उरलेलं वर्ष स्प्रिंगवाल्या.

या स्प्रिंगवाल्यांबद्दल आधी माझं मत वाईट होतं. खेळणं वाटायचं. दर गोळीला हातानं दांडा ओढायचा, गोळी लहान. नेहमीची गोळी ०.६८ इंचांची, ही ०.५० इंचांची, वजनानं निम्म्याहूनही कमी, त्यामुळे मारही तितकाच हलका. एकदा एका शाळेच्या सरांनी आठवी-नववीची पंचवीस मुलं-मुली आणली. त्यांच्यासाठी मी चार स्प्रिंगवाल्या मागवल्या होत्या. तिथे मी पाहिलं: दर गोळीनंतर दांडा ओढावा लागतो म्हणून मूल थांबतं. थांबलं की बघतं. बघितलं की आडोसा बदलतं. जे शिकवायला मी ओरडून ओरडून घसा बसवायचो, ते तो दांडा आपोआप शिकवत होता. एक मुलगी तर चाळीस मिनिटांत अकरा गोळ्या झाडून शेवटपर्यंत टिकली. त्या दिवसापासून दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मी दुसरी बंदूक देत नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्या मोठ्यांनाही पहिला खेळ हिच्यावरच खेळवतो.

आता मास्कचं सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलो.

२०१७चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो माणसं दवाखान्यात पडली. आमच्या काकांनाही त्या दिवसांत चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली होती, वाचले. त्यांच्याकडे मास्क होता, चष्मा होता. दोन्ही धुऱ्यावर बाभळीच्या फांदीला टांगलेले. मी नंतर चिडून विचारलं तर म्हणाले, "अरे बाप्पा, छातीएवढी पऱ्हाटी, वरून ऊन, त्याच्यात ते तोंडाले बांधलं की जीव गुदमरते. चष्म्यावर वाफ चढते, तास दिसत नाही. कसा ठेवू?"

लोणावळ्याच्या त्या पाहुण्यानंही हेच केलं होतं. वाफ चढली, दिसेना, काढलं. त्याला नियम माहीत होता. काकांनाही माहीत होता. सुरक्षेचं साधन बांधल्यावर जर माणसाला दिसत नसेल आणि श्वास घेता येत नसेल, तर तो ते काढणारच. मग दोष माणसाला देऊन आपण हात झटकतो.

म्हणून मी मास्क घेतले ते एका प्रश्नावर: आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात नवखा माणूस हा अर्धा तास न काढता ठेवेल का? काच दुहेरी हवी, दोन थरांमध्ये हवा असलेली. तिच्यावर वाफ कमी धरते. कान झाकलेले हवेत. तोंडापाशी श्वासाला जागा हवी. चष्मा लावणाऱ्यांसाठी आत पुरेशी खोली हवी. आणि पेंटबॉलसाठीचं एएसटीएम एफ १७७६ हे मानक त्यावर छापलेलं हवं. वेल्डिंगचा चष्मा, मोटरसायकलचं हेल्मेट, प्रयोगशाळेतला चष्मा यांपैकी काहीही चालत नाही. दुहेरी काचेचा मास्क साध्यापेक्षा बराच महाग पडतो. मी ते पैसे चार देखण्या बंदुका विकून उभे केले. काचेवर बारीकसा चरा जरी दिसला तरी ती काच बदलायची, इथे काटकसर नाही.

बंदुकीचं रूप हाही निवडीचा भाग आहे, विशेषतः आमच्याकडे. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीला पकडण्याची मोहीम झाली, तेव्हापासून गॅसवर चालणारी बंदूक म्हटली की गावातल्या म्हाताऱ्यांना बेशुद्धीचं इंजेक्शनच आठवतं. मी पहिली पेटी उघडली तेव्हा एका आजोबांनी विचारलं होतं, "वाघाले झोपवाची हाय का जी हे?" मी हसलो, पण धडा घेतला. लष्करी रायफलीसारखा काळा मार्कर घेऊन पोरगं नाल्याकाठानं पळताना लांबून कोणी पाहिलं तर घोटाळा होईल. म्हणून माझ्या साऱ्या बंदुका भडक निळ्या-नारिंगी आहेत, गोळ्यांत लाल रंग नाही, आणि सुरू करण्याआधी ठाण्यात अर्ज व ग्रामपंचायतीला पत्र दिलं. बंदूक मैदानाबाहेर जाताना नळीवर कापडी टोपी आणि टाकी काढलेली.

इथली माणसं बंदूक म्हणून आणखी एक वस्तू ओळखतात. रानडुकरं आणि माकडं हाकलायला पाइप जोडून केलेली कार्बाइडची बंदूक. शेतात तिचा नुसता आवाज करतात. पण २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात मुलांनी ती फटाका म्हणून उडवली आणि अनेकांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. त्यानंतर दोन पोरं माझ्याकडे तसला पाइप घेऊन आली, "दादा, हे पण पेंटबॉल मारीन का?" मी तो पाइप ठेवून घेतला, आणि त्या दोघांना मास्क घालून फुकट एक खेळ दिला. तो पाइप अजून शेडमध्ये आहे.

गोळ्यांचं थोडक्यात. जिलेटिन म्हणजे पावसाळ्यात पाणी पिणारी आणि उन्हाळ्यात वितळणारी वस्तू. जुलैत फुगलेली गोळी नळीतच फुटते, मेमध्ये त्या एकमेकींना चिकटतात. हवाबंद डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवायच्या, आठवड्यातून एकदा पिशवी उलटायची, गरजेपुरत्याच मागवायच्या. आणि न फुटलेल्या गोळ्या खेळानंतर वेचायच्या. माणसाला त्या बाधत नाहीत म्हणतात, पण कुत्र्यानं भरपूर खाल्ल्या तर ते लडखडतं, झटके येऊ शकतात. आमच्या रानात शेजारची कुत्री फिरतात; म्हणून शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी वाकून वेचण्याची.

खेळ संपल्यावर पोरांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या हेनिकर या गावाजवळच्या जंगलात बारा जण तीच झाडं रंगवायची नेलस्पॉट पिस्तुलं घेऊन पहिला खेळ खेळले. प्रत्येक जण एकटा, जंगलात झेंडे लपवलेले, ते गोळा करून बाहेर पडायचं. त्यांत शिकारी होते, बंदुकीत मुरलेले होते. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्यानं एकही गोळी झाडली नाही. पोरांना आधी हे खोटं वाटतं. मग कोणीतरी त्या अकरा गोळ्यांवाल्या मुलीची आठवण काढतं.

तुम्ही पहिल्यांदा बंदूक घेणार असाल, स्वतःसाठी वा शाळेसाठी, तर क्रम असा ठेवा: मास्क, वेगमापक, मग बंदूक. बंदूक साधी, उघडता येणारी, भडक रंगाची. विकत घेण्याआधी आपल्या गावातल्या मिस्त्रीला दाखवा. त्याला कळली नाही तर घेऊ नका. आणि मास्क खेळाडूंच्या संख्येइतकेच घेऊन थांबू नका. शिट्टीवाल्याला लागतो, पाहायला आलेल्या आईबापांना लागतो, मध्येच पाण्याचा माठ भरायला येणाऱ्या काकांनाही लागतो. काका हल्ली फवारणीला जाताना त्यांतलाच एक जुना मास्क चष्मा म्हणून मागून नेतात. विषाच्या वाफेला तो पुरेसा नाही, नाकासाठी वेगळं साधन लागतं, हे मी दर वेळी सांगतो आणि तेही हातात देतो.

आमच्या शेडमध्ये आज दहा बंदुका आहेत आणि मास्क अठरा.